पाठीतलं इंजेक्शन आणि जन्माची कंबरदुखी: खरं किती, ऐकीव किती?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

चौतिसावा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. परवा तपासणीला गेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कळांच्या वेळी दुखणं थांबवायला पाठीतलं एपिड्यूरल हवं असेल तर आधी सांगून ठेव, भुलेच्या डॉक्टरांना कळवावं लागतं." घरी विषय काढला मात्र, आई, सासूबाई आणि जाऊबाई तिघी एका सुरात: पाठीत सुई घेऊ नकोस, जन्माची कंबर जाईल. एरवी पोह्यात साखर घालावी की नाही यावर या तिघींचं एकमत होत नाही. जाऊबाईंच्या सिझरला नऊ वर्षं झाली, अजून आभाळ आलं की "ती जागा" ठणकते म्हणतात. शेजारच्या काकूंनी तर कोणाचे तरी पाय कायमचे गेल्याची गोष्ट सांगून माझी रात्रीची झोप घालवली.

मॅडमना विचारलं तर "काही होत नाही गं" एवढंच. काहीच होत नाही हे पटत नाही, आणि जन्माची कंबर जाते हेही पटत नाही. ज्यांनी घेतलंय त्यांनी आपापलं सांगा, कोणी त्या क्षेत्रातलं असेल तर आकडे सांगा. घाबरवलंत तरी चालेल, गोलमाल नको.

कोकणकडा
हजेरी लावतो. बायकोच्या सिझरच्या वेळी चार कागदांवर सह्या केल्या, एकही वाचला नाही. वाचतोय.

सोलापुरी_चादर
माझी दोन्ही सिझर, दोन्ही वेळा पाठीत. पहिल्या खेपेला चोवीस तास उशी नाही, मान उचलायची नाही, बोलायचंसुद्धा नाही. बोललं की पोटात हवा जाते म्हणे. सासूबाई पलंगाशी पहाऱ्याला. चहा चमच्याने पाजला, त्यातला निम्मा कानात गेला. दुसऱ्या खेपेला वेगळा दवाखाना. तिथे संध्याकाळी उशी देऊन बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात चालवलं. डोकं दोन्ही वेळा दुखलं नाही. मग पहिल्या वेळचा तुरुंगवास कशासाठी होता, हे मला कोणीतरी सांगा.

कंबर म्हणशील तर दुखते. पण गं, दोन पोरं, पाण्याच्या कळशा आणि पंधरा वर्षं शिलाई मशीन. दोष नेमका कोणाला देऊ?

अण्णा_सासवडकर
आमच्या आजीची अकरा बाळंतपणं घरातल्या घरात झाली. ना इंजेक्शन, ना सलाईन. तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी शेंदायला हजर. हल्लीच्या मुलींना कळाच सोसवत नाहीत, त्यात दवाखान्यांचा धंदा. माझं स्पष्ट मत.

वांगीभरीत
अण्णा, अकरापैकी मोठी किती झाली तेही लिहा.

अण्णा_सासवडकर
सहा. पण तो मुद्दा नाही.

वांगीभरीत
तोच मुद्दा आहे.

निशिगंध
रानजाई, मी लीड्सला असते. माझं एपिड्यूरल झालं आणि ज्याची भीती घालतात त्यातलं एक मला खरंच झालं. तेव्हा सविस्तर लिहिते.

सुई टोचताना मज्जारज्जूभोवतीची पाण्याची पिशवी चुकून भोकसली गेली, हे तिथल्या डॉक्टरांनी त्याच क्षणी सांगितलं. "डोकं दुखण्याची शक्यता आता बरीच आहे, आम्ही रोज येऊन बघू." बाळंतपण छान झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला घ्यायला उठून बसले आणि मानेच्या मागून कपाळापर्यंत असं काही दाटून आलं की बाळ नवऱ्याच्या हातात देऊन तशीच आडवी झाले. आडवी होताच ओसरलं. पुन्हा बसले, पुन्हा तेच. कानात पाणी गेल्यासारखं सगळं लांबून ऐकू येत होतं, खिडकीचा उजेड नको वाटत होता. पुढचे दोन दिवस कुशीवर पडून दूध पाजलं, जेवले पडून, व्हिडिओ कॉलवर आईला दिसले तीही आडवीच. आईला वाटलं फोन वाकडा धरलाय.

पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि कडक कॉफी यांनी फारसं हललं नाही. मग ब्लड पॅच केला. एका डॉक्टरने माझ्या दंडातून रक्त काढलं, दुसरीने तेच रक्त लगेच पाठीत सुईच्या जागी हळूहळू सोडलं. कंबरेत दाब वाढत गेला, "आता बास" म्हटल्यावर थांबली. तासभर उताणी पडून राहिले, मग बसवलं. डोकं गप्प. मला रडूच आलं, नर्सला वाटलं दुखतंय.

कंबरेचं म्हणशील तर सुईची जागा आठवडाभर हुळहुळी होती, नीलही पडला होता. पुढे काही नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी पुन्हा एपिड्यूरलच घेतलं.

कोकणकडा
म्हणजे थोडक्यात पंक्चर काढलं म्हणायचं. आणि ठिगळही स्वतःच्याच रक्ताचं!

भुलाबाई
कोकणकडा, पंक्चरच आहे, आम्हीही आपसात तसंच म्हणतो.

मी भूलतज्ज्ञ, वीसेक वर्षं बाळंतपणाच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) उभी आहे, आधी सरकारी रुग्णालयात आणि आता नाशिकला. जरा लांबण लागेल.

आधी दोन इंजेक्शनांची गल्लत सोडवू. मज्जारज्जूभोवती पाण्याची एक पिशवी असते. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्यापाशी संपतो, आम्ही सुई त्याच्या खाली घालतो, तिथे फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात. सिझरला बहुतेक वेळा देतात ते स्पायनल. सुई केसासारखी बारीक, पिशवीच्या आत जाते, औषध एकदाच, काही मिनिटांत कंबरेखाली सगळं बधिर आणि साधारण दोन तासांत उतरतं. एपिड्यूरलची सुई चांगली जाड असते, पण ती पिशवीच्या बाहेरच थांबवायची. तिच्यातून एक बारीक नळी आत ठेवून सुई काढून घेतात आणि नळीतून कळा संपेपर्यंत थोडंथोडं औषध देत राहतात. निशिगंधच्या बाबतीत ही जाड सुई एक-दोन मिलीमीटर पुढे गेली. जाड सुईचं भोक मोठं, पाणी गळतं, मेंदूला खालून असलेला आधार कमी होतो, म्हणून उठल्यावर डोकं दुखतं आणि झोपल्यावर थांबतं. हा उठण्या-झोपण्याचा फरक हीच तिची खूण.

आकडे. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने बायकांसाठी एक कार्ड काढलंय, मी त्याचाच आधार घेते. जोरदार डोकेदुखी एपिड्यूरलनंतर शंभरात एकीला, स्पायनलनंतर पाचशेत एकीला. रक्तदाब बराच उतरणं पन्नासात एकीला. कळा पुरेशा न थांबणं आठात एकीला, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा होणारी तक्रार कोणती, तर "घेतलं पण नीट लागू पडलं नाही". नसेला तात्पुरती इजा हजारात एक, सहा महिन्यांच्या पुढे टिकणारी तेरा हजारांत एक. मणक्यात पू होणं पन्नास हजारांत एक, मेंदूज्वर लाखात एक, आत रक्ताची गाठ एक लाख सत्तर हजारांत एक. शेजारच्या काकूंच्या गोष्टीसारखं, पाय जाण्याइतकं काही, अडीच लाखांत एक. शून्य नाही. पण दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

सोलापुरी ताई, तुमचा तुरुंगवास फुकट गेला. उशी न देता झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. ती टळते सुई बारीक वापरल्याने आणि तिचं टोक पेन्सिलसारखं असल्याने. तसलं टोक पिशवीचे धागे कापत नाही, बाजूला सारून आत जातं. बोलल्याने हवा जाते हे कुठून आलं देव जाणे, मी शिकत होते तेव्हाही वॉर्डातल्या मावशी हेच सांगायच्या.

कंबरेवर रात्री लिहिते, आत्ता एक सिझर आलंय.

सोलापुरी_चादर
फुकट गेला तर गेला, पण आयुष्यात चोवीस तास सासूबाईंनी मला चमच्याने भरवलं तेवढ्यातच. जमेच्या बाजूला धरते.

जुनीवही
अवांतर, पण राहवत नाही. ही डोकेदुखी स्पायनलइतकीच जुनी आहे. १८९८ साली जर्मनीत कील शहरात ऑगस्ट बिअर नावाच्या सर्जनने कोकेन वापरून स्पायनल सुरू केलं आणि रोग्यांची डोकी का दुखतात ते बघायला स्वतःच्या पाठीत सुई घालून घेतली. सिरिंज सुईला बसेना, औषधाआधी पाणीच वाहून गेलं. मग त्याचा सहायक हिल्डेब्रांट पुढे आला. त्याला बधिर केल्यावर खात्री म्हणून नडगीवर हातोडी मारली, पेटती सिगार टेकवली, आणखीही एकदोन प्रकार केले जे इथे लिहीत नाही. दोघांनी मग वाईन आणि सिगार घेऊन यश साजरं केलं. दुसऱ्या दिवसापासून दोघांचीही डोकी धरली. बिअर नऊ दिवस झोपून होता.

बाळंतपणात स्पायनल बाझलच्या ऑस्कर क्राइसने १९०० सालीच दिलं. एपिड्यूरलचं श्रेय स्पेनच्या लष्करी सर्जन फिदेल पाखेसला, १९२१.

वांगीभरीत
नडगीवर हातोडी सहन करणारा सहायक आणि आमच्या ऑफिसातले सहायक. चालायचंच.

जुनीवही
आणि पाय जाण्याच्या भीतीलाही इतिहास आहे. १९४७ साली इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डच्या रुग्णालयात एकाच दिवशी स्पायनल दिलेल्या वूली आणि रो या दोन रोग्यांचे पाय कायमचे गेले. बाळंतपण नव्हे, किरकोळ ऑपरेशनं. खटल्यात निघालं की औषधाच्या काचेच्या कुप्या फिनॉल या जंतुनाशकात बुडवून ठेवत आणि न दिसणाऱ्या तड्यांतून ते आत झिरपलं असावं. पुढे सुया-सिरिंज उकळायच्या भांड्यात राहिलेल्या आम्लावरही संशय घेतला गेला. पण ब्रिटनमध्ये त्यानंतर कितीतरी वर्षं लोक स्पायनलचं नाव काढायला धजत नव्हते. शेजारच्या काकूंकडे पोचलेली गोष्ट अशाच कुठल्यातरी वाटेने आली असेल.

अर्धवेळ_आई
डॉक्टर म्हणतात ते आकडे ठीक, पण आकड्यातली ती एक मी असले तर? माझ्या पहिल्या बाळंतपणात एपिड्यूरल घेतलं, नंतर उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर. साडी नेसताना हाताला कळायचं, मांडीला नाही. सांगितलं तर राउंडला आलेले डॉक्टर "होतं असं, जाईल" म्हणून पुढच्या पलंगाकडे. भुलेचे डॉक्टर परत फिरकलेच नाहीत. गेलं ते दोन-अडीच महिन्यांनी. या काळात मी रात्री उठून मांडीला चिमटे काढून बघायचे. "सगळं नॉर्मल आहे" हे वाक्य तुम्हा लोकांना कॉलेजात शिकवतात का?

भुलाबाई
अर्धवेळ_आई, राग रास्त आहे. तुम्हाला कोणीतरी खुर्ची ओढून बसून, पाय हलवायला लावून, कुठे कळतंय कुठे नाही हे तपासायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम.

तुम्ही सांगताय त्यावरून ती मांडीच्या बाहेरच्या त्वचेची नस वाटते. ही नस जांघेत दबते. कळांच्या वेळी पाय बराच वेळ वर करून, पोटाशी दुमडून धरलेले असतात, त्यात. बाळाचं डोकं ओटीपोटात नसांवर दाबतं त्याने पाऊल लुळं पडणंही मी पाहिलंय. अशा इजा शंभरात जवळपास एकीला होतात, एपिड्यूरल न घेतलेल्यांनाही, आणि बहुतेक काही आठवड्यांत भरून येतात. सुईमुळे होणाऱ्या त्यामानाने फार कमी. पण यात एपिड्यूरलचा हात अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही: पाय बधिर असला की दबतोय हे बाईला कळत नाही, म्हणून ती पाय हलवत नाही. म्हणूनच हल्ली औषध पातळ देतात, पाय हलवता यावेत असं.

रानजाई, हे मात्र वहीत लिहून ठेव. औषध थांबल्यावर चार तासांत पाय सरळ ठेवून पलंगावरून उचलता यायला हवा. ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शनात हीच कसोटी आहे. येत नसेल, किंवा आलेला जोर परत गेला, लघवी कळेनाशी झाली, पाठीत जोरात दुखून ताप आला, तर "सकाळी बघू" ऐकून घ्यायचं नाही. आत रक्त साकळलं असेल तर काही तासांतच एमआरआय आणि ऑपरेशन लागतं.

अर्धवेळ_आई
धन्यवाद. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर चिमटे वाचले असते.

लोणचं_मुरलं
डोकेदुखीबद्दल एक भर. माझ्या मावसबहिणीचं डोकं सिझरनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी दुखायला लागलं. सगळे म्हणाले पाठीतलं इंजेक्शन, झोपून रहा. झोपूनही दुखत होतं, उलट रात्री जास्त. मग झटका (फिट) आला. मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. वेळेत नेलं म्हणून वाचली. इंजेक्शनवर खापर फोडण्यात दोन दिवस गेले.

भुलाबाई
मला हेच लिहायचं होतं. बाळंतिणीचं प्रत्येक डोकं सुईमुळे दुखत नाही. वाढलेला रक्तदाब बाळंतपणानंतरही झटक्यापर्यंत नेऊ शकतो आणि शिरेतली गाठ आपल्याकडे दुर्मीळ नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची घराघरातली पद्धत त्यात भर घालते. आडवं होऊनही न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, झटका, बोलताना अडखळणं: थेट दवाखाना. सुईची म्हणून ओळखलेली डोकेदुखीसुद्धा मध्येच स्वभाव बदलून झोपल्यावरही राहू लागली तर तसंच.

गोंयकार
आमच्याकडे सिझर झाल्यावर बायको अशी थडथडत होती की टेबलाचा आवाज येत होता. दात वाजतायत, मध्येच उलटी, वर नाक खाजवतेय. मला आत उभं केलं होतं, मीच पडायचा बाकी राहिलो. ते काय असतं?

भुलाबाई
स्पायनलने पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली उतरतं, रक्तदाब पडतो, म्हणून मळमळ आणि उलटी. त्यात पोटातलं बाळ मोठ्या शिरेवर दाबत असतं, म्हणून बाईला थोडं डाव्या कुशीवर कलतं ठेवतात आणि दाब वर आणायची औषधं हाताशी भरून ठेवलेली असतात. थडथड बऱ्याचजणींना कमीजास्त होते, अंगातली ऊब बधिर भागाकडे निघून जाते हे एक कारण. बाळाला त्याचं काही नाही. नाक खाजणं औषधात मिसळलेल्या फेंटानिलसारख्या वेदनाशामकाचं, ती ॲलर्जी नव्हे. या तिन्ही गोष्टी इतक्या नेहमीच्या आहेत की आम्ही आधी सांगायलाच विसरतो आणि मग नवरे घाबरतात.

आता कंबर. १९९० मध्ये बर्मिंगहॅमहून अकरा हजारांहून जास्त बायकांना विचारून एक अभ्यास आला, त्यात एपिड्यूरल घेतलेल्यांना दीर्घकाळची कंबरदुखी जास्त असल्याचं दिसलं. तेव्हापासून ही गोष्ट शास्त्रीय शिक्का घेऊन फिरतेय. पण तो मागे वळून विचारलेला अभ्यास होता. ज्यांचं बाळंतपण मुळातच अडून बसलं, त्याच एपिड्यूरल जास्त मागतात, आणि जिची कंबर दुखते तिला सुई आठवते. नंतर इंग्लंडमध्येच ३६९ पहिलटकरणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, एका गटाला एपिड्यूरल, दुसऱ्याला इतर वेदनाशामकं, आणि दोन वर्षांनंतर गाठलं. कंबरदुखीत फरक नाही. दोन्ही गटांत दुखणाऱ्या पुष्कळ.

गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल पडतात, पोटाचे स्नायू ताणून निकामी झाल्यासारखे होतात, नंतर वर्षभर वाकून अंघोळ घालणं आणि पाठ कमानीसारखी करून दूध पाजणं. दूध पाजताना बाळाखाली उशी घ्या आणि पाठीला टेकू द्या, एवढ्याने निम्म्या तक्रारी कमी होतात असा माझा अनुभव. जाऊबाईंचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. दुखतं ते खरंच, फक्त कारण सुई नव्हे. त्यांना सहा आठवड्यांनंतर कोणी पोटाचे व्यायाम शिकवले होते का, विचार.

वांगीभरीत
व्यायाम? सहा आठवडे आम्हाला खाटेखाली शेगडी, कानाला फडकं आणि सकाळ-संध्याकाळ डिंकाचा लाडू. पोटाच्या स्नायूंची काय बिशाद.

सोलापुरी_चादर
लाडवाला काही बोलायचं नाही.

अण्णा_सासवडकर
लाडवाबद्दल आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण डॉक्टर, एक विचारतो. एपिड्यूरल घेतलं की कळा मंदावतात आणि शेवटी सिझर करावंच लागतं, हे तरी खरं की नाही? आमच्या सुनेचं तसंच झालं.

भुलाबाई
अण्णा, प्रश्न चांगला आहे. सिझर वाढत नाही, एवढं अभ्यासांवरून खात्रीने सांगता येतं. शेवटचा टप्पा, म्हणजे जोर देण्याचा, लांबतो. आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण वाढतं. २००१ चा ब्रिटनमधला कॉमेट नावाचा मोठा अभ्यास सांगतो की औषध पातळ केलं की हा तोटा कमी होतो: जुन्या पद्धतीत आपलं आपण बाळंत होणाऱ्या ३५ टक्के, पातळ औषधात ४३. काहींना कळांत तापही येतो, मग बाळाच्या तपासण्या वाढतात. हे तोटे आहेत, लपवण्यात अर्थ नाही. कळा सोसायच्या की नाहीत हे मात्र सून ठरवेल, अण्णा. आपण दोघंही नाही.

सिस्टर_माई
ओटीत तीस वर्षं काढली, आता निवृत्त. डॉक्टरांनी एक गोष्ट लिहिली नाही, ती मी लिहिते. रक्तस्राव थांबवायचं ट्रानेक्झॅमिक ॲसिड आणि स्पायनलचं हेवी ब्युपिव्हकेन, काही कंपन्यांच्या कुप्या दिसायला जुळ्या बहिणी. दोन्ही सिझरच्या ट्रेमध्ये लागतात. चुकून पहिलं पाठीत गेलं तर जवळपास निम्मे रोगी हातचे जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये यावर इशारा काढला होता. आमच्याकडे ट्रानेक्झॅमिकचा डबा भुलेच्या टेबलापासून लांब, दुसऱ्या भिंतीला, आणि कुपी फोडण्याआधी नाव मोठ्याने वाचायचं, ऐकणाऱ्याने परत म्हणायचं. नवीन मुली हसायच्या. हसू दे.

भुलाबाई
माई, नमस्कार घ्या. हे नियम अजून सगळीकडे नाहीत.

रानजाई, यावरूनच माझं शेवटचं. सुईपेक्षा सुईच्या मागे उभं असलेलं माणूस बघ. आपल्याकडे छोट्या प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, सिझर करून दुसऱ्या दवाखान्यात जातात. स्पायनलला ते चालून जातं. एपिड्यूरलची नळी लावून डॉक्टर निघून गेले आणि मागे रक्तदाब कोणी बघत नसेल, तर ते एपिड्यूरल मी माझ्या मुलीला घेऊ देणार नाही. नळी कधी सरकून पिशवीच्या आत किंवा शिरेत गेलेली असते. तेव्हा औषध वर चढून श्वास अडकू शकतो किंवा झटका येतो. फार क्वचित, पण त्या वेळी खोलीत कोणीतरी हवं. तेव्हा विचार: नळी लावल्यावर कोण थांबणार, रात्री दोन वाजता कोण येणार, डोकं दुखलं तर ब्लड पॅच इथे होतो का. आणि रक्त पातळ होण्याची हेपॅरिनची इंजेक्शनं चालू असतील, प्लेटलेट कमी असतील, पाठीचं ऑपरेशन झालं असेल, तर हे भूलतज्ज्ञांना आत्ताच भेटून सांग, कळा सुरू झाल्यावर नाही.

रानजाई
सगळ्यांचे खूप आभार. जाऊबाईंना कंबरेवरचा प्रतिसाद वाचून दाखवला. "ठीक आहे, पण आभाळ आलं की दुखतं ते दुखतंच" म्हणाल्या. व्यायामाची लिंक मात्र मागून घेतली. मॅडमना तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्या दोनांची उत्तरं मिळाली, ब्लड पॅचवर म्हणाल्या, "तू कुठे वाचतेस हे सगळं?"

कोकणकडा
आमचं नाव सांगू नका.

रानजाई
धागा वर काढतेय. मुलगा झाला, तीन आठवड्यांचा आहे, मांडीवर झोपलाय, एका हाताने टंकतेय.

एपिड्यूरल घेतलं. तासभर स्वर्ग, मग डाव्या बाजूला कळा यायला लागल्या, उजवीकडे काही नाही. आठातली एक! भुलेच्या डॉक्टर तिथेच होत्या, नळी थोडी मागे ओढली, मला कुशीवर वळवलं, पुन्हा औषध, मग जमलं. पुढे बाळाचे ठोके उतरायला लागले म्हणून शेवटी सिझर, त्याच नळीतून जास्तीचं औषध देऊन. थडथड झाली, नाक खाजलं, आणि मी ओटीतल्या सगळ्यांना "हे नेहमीचंच असतं" असं समजावून सांगत होते म्हणे. ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं सगळं कळत होतं, दुखत नव्हतं. तेही कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

डोकं दुखलं नाही. चार तासांनी पाय उचलून दाखवला, सिस्टर म्हणाल्या कशाला उचलताय, पडून रहा. कंबर दुखतेय. आई म्हणते बघ, सांगितलं होतं. बाळाखाली उशी घ्यायला लागल्यापासून कमी आहे.

भुलाबाई
अभिनंदन! नळी मागे ओढणं हा पहिला उपाय, तुमच्या डॉक्टर हुशार आहेत. एपिड्यूरल घेतल्यामुळे सिझर झालं असं आता अण्णा म्हणतील, त्याआधी मीच सांगते: ठोके उतरल्यामुळे झालं, आणि नळी आधीच असल्यामुळे पूर्ण भूल द्यावी लागली नाही. घाईतल्या पूर्ण भुलेत श्वासाची नळी घालताना अडचण येऊ शकते आणि पोटातलं अन्न फुप्फुसात जायची धास्ती असते.

अण्णा_सासवडकर
मी काही म्हणणार नव्हतो. पोराला आशीर्वाद. डिंक चांगला हवा असेल तर सांगा, ओळखीचा माणूस आहे.

मोगरा_दारी
उशिरा आले. भुलाबाई, मला सदतिसावा चालू आहे, प्लेटलेट ८५ हजार आल्यात, रक्तदाब ठीक आहे. सोनोग्राफीवाले म्हणाले आता पाठीत मिळणार नाही. खरं का?

भुलाबाई
सोनोग्राफीवाल्यांनी सोनोग्राफी करावी. ७० हजारांच्या वर, खाली घसरत नसतील आणि रक्तस्रावाची इतर लक्षणं नसतील तर बहुतेक भूलतज्ज्ञ देतात. पण तुमचा कल बघायला हवा: मागचा रिपोर्ट किती होता, कधीचा होता? या आठवड्यात पुन्हा रक्त द्या आणि दोन्ही कागद घेऊन तुमच्या भूलतज्ज्ञांना भेटा. हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे डाग, उजव्या बरगडीखाली दुखणं यातलं काही असेल तर आठवड्याची वाट न बघता आजच जा.

मोगरा_दारी
मागचा महिन्यापूर्वीचा, १ लाख १०. उद्या सकाळी रक्त देते.